डाव्या हाताची खूण

वर्षाराणीनं कागद टेबलावर आपटला तसा स्नेहलच्या कपातला चहा बशीत सांडला.

"ह्यात काय लिवलंय त्ये मला वाचून दाखवा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. माझ्या सासूनं अख्ख्या गल्लीला सांगून झालंय. मला बी कळू दे की."

तिच्या कडेवर शिवानी होती. पाच वर्षांची पोर कडेवर मारून ही बाई नेसरीहून एसटीनं कोल्हापूरला आली होती आणि राजारामपुरीतल्या त्या इमारतीचे तीन जिने चढून प्रयोगशाळेत पोचली होती. खालच्या दोन मजल्यांवर बारावीचे क्लास. तिथल्या पोरांनी जिन्यातच सोडलेल्या चपलांच्या ढिगातून वाट काढत ती वर आली असणार. शिवानीला चालता येत होतं, पण ती हसली की कोसळायची. कुत्र्याचं पिल्लू दिसलं, बापानं तोंड वेडंवाकडं केलं, की पोर खुदकन हसायची आणि हसता हसताच गुडघ्यातून मोडून खाली पडायची. गेल्या वर्षापासून तिचे डोळे वर-खाली फिरायचेही थांबले होते. आभाळ बघायचं तर तिला अख्खी मान मागं टाकावी लागायची.

आजाराचं नाव नीमन-पिक सी. लाखात एखाद्या पोराला होतो. औषधानं थोडा लांबवता येतो, बरा होत नाही. स्नेहल कांबळे गेली चार वर्षं याच आजारावर काम करत होती. काम म्हणजे काय, तर आजारी पोराच्या हाताच्या कातडीचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी उबदार कपाटात वाढवायच्या, त्यांना दिवसाआड गुलाबी रंगाचं पोषक पाणी पाजायचं आणि पुरेशा वाढल्या की रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. निरोगी पेशीत चरबी येते, वापरली जाते, उरलेली पुढं जाते. शिवानीच्या पेशीत चरबी आत यायची आणि बाहेर पडायचं दारच उघडायचं नाही. धान्याचं पेव भरावं तशी पेशी भरत जायची. निळ्या उजेडात त्या चरबीच्या गुठळ्या लखलखायच्या. दिसायला फार सुंदर, आणि तेच स्नेहलच्या डोक्यात जायचं. पोर मरणाकडं चाललीय आणि परिषदेतले लोक फोटो बघून वा वा म्हणतात!

ते दार बांधायची कृती प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत चुकीची असली तरी दुसरीवर भागतं, माणूस धडधाकट राहतो. दोन्ही चुकीच्या आल्या तर शिवानी होते. म्हणून आई-बापाचीही कातडी घेतली होती. वर्षाराणीच्या एका प्रतीत चूक सापडली, अपेक्षेप्रमाणे. बापाच्या दोन्ही प्रती स्वच्छ निघाल्या. स्नेहलनं तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच. मग तिनं डॉ. उदयसिंह सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, दोन ओळी लिहून दिल्या: वडिलांच्या नमुन्यात दोष नाही. नमुना मुलीशी जुळत नाही.

सरांनी त्या दोन ओळी आतल्या आत ठेवायच्या होत्या. त्यांनी त्या शिवानीच्या गडहिंग्लजच्या डॉक्टरांना पाठवल्या, डॉक्टरांनी फोनवर बयाबाईंना, म्हणजे वर्षाराणीच्या सासूला, आपल्या भाषेत समजावून सांगितल्या: मुलगी या बापाची दिसत नाही. वर छापील कागदही माणसाकरवी धाडला. त्याच संध्याकाळी वर्षाराणीची पिशवी उंबऱ्याबाहेर पडली.

"वाचा की," वर्षाराणी म्हणाली. "का तोंड शिवलंय?"

स्नेहलनं वाचलं. दोन्ही ओळी, मोठ्यानं.

"ह्ये तुमी लिवलंय?"

"हो."

"शिकल्या-सवरल्या बाईनं लिवलंय म्हंजे खरंच असणार." वर्षाराणी हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "माझं लगीन अठराव्या वर्षी झालं. आत्तीच्याच घरात दिली मला. सासू म्हंजे माझ्या बाची सख्खी भण. लहानपणापास्नं त्या घरात येत-जात हुते, लगीन झाल्यावर तिथंच ऱ्हायले. घर, गोठा आन् शेत. ह्या तिनाच्या भाईर मी कुठं गेलते सांगा? कवा गेलते?"

"माहेरी गेला नाहीत?"

"गेलते की. भावांनी दोन दिस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिशी म्हणालं, आत्तीला काय वाटंल."

आत्याच्या घरी दिलेल्या मुलीला भांडून जायला माहेर उरत नाही. लग्न ठरवताना हे कुणी बोलत नाही. तेव्हा सगळे म्हणतात, पोरगी घरच्या घरात राहिली, परक्याच्या दारात गेली नाही, नशीब काढलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी स्नेहलचा वर्षाराणीवर विश्वास नव्हता. तिला दया येत होती, सरांचा संताप येत होता, पण मनाच्या एका कोपऱ्यात ती म्हणत होती, बाई गं, झालं असेल काही तुझ्याकडून, माणूसच आहेस. आकडे तर आकडे असतात. आणि ती तसं बोलूनही गेली, जरा गुळगुळीत करून. "यंत्र खोटं बोलत नाही, ताई."

वर्षाराणीनं शिवानीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"यंत्र खोटं बोलत नसंल. पर त्येच्या फुडं वाढलं काय, त्ये बगा की. गोठ्यातली म्हस आटली म्हणून आमी म्हशीला इचारत न्हाय, वैरण कुणी टाकली त्ये इचारतो."

स्नेहलच्या कानशिलावर कुणी ठेवून दिल्यासारखं झालं. वैरण कुणी टाकली? वर्षाराणी आणि शिवानीची कातडी घेतली तेव्हा ती स्वतः डॉक्टरांच्या शेजारी उभी होती. शिवानीचा हात तिनंच धरला होता. बाप मात्र त्या दिवशी आला नव्हता. उसाची तोड आलीय म्हणाला, आठ दिवसांनी येतो म्हणाला. आठ दिवसांनी कातडीच्या डॉक्टरांकडून बाटली आली. बाटलीवर नाव होतं, अमरसिंह. तिनं नाव बघितलं. माणूस बघितला नाही.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर निबंधाचा मसुदा वाचत होते.

"मला उद्या नेसरीला जायचंय. वडिलांचा नमुना त्यांचाच आहे का, ते बघून यायचंय."

"अहो स्नेहल, असं निघतं कधीकधी," सर चष्मा न काढता म्हणाले. "शंभर घरांत एखादं निघतंच. आपलं काम पेशींचं. घरांचं नाही. आणि निरोगी नमुना आपल्याला तुलनेला लागतोच आहे, तर असू दे की तो."

"सर, बाई रस्त्यावर आलीय."

"वाईट झालं. पण त्यात आपण काय करणार?"

"तो कागद आपण पाठवलाय!" स्नेहल ओरडली. बाहेर बसलेली वर्षाराणी दचकली, शिवानी रडायला लागली. "तुम्ही पाठवलाय. मी लिहिलाय. आपण काय करणार म्हणजे? घाण आपण केलीय, निस्तरायची दुसऱ्यानं?"

शास्त्रात रागाला जागा नसते असं सर नेहमी सांगायचे. रागाला नसते आणि निष्काळजीपणाला असते, असं काहीतरी त्यांचं शास्त्र होतं. स्नेहलनं रजेचा अर्ज त्यांच्या मसुद्यावर ठेवला आणि दार आपटून बाहेर आली.

वर्षाराणीची त्या रात्रीची सोय तिनं मंगळवार पेठेत केली. तिथं तिच्या मावशीची, आक्काताईंची, खानावळ होती आणि मागं एक रिकामी खोली होती. आक्काताईंनी वर्षाराणीला एकच प्रश्न विचारला, भाकरी थापायला येते का. येत होती.

दुसऱ्या दिवशी स्नेहल गडहिंग्लजपर्यंत एसटीनं आणि तिथून वडापच्या जीपमध्ये अंग चोरून नेसरीला पोचली. घर सापडायला वेळ लागला नाही. बयाबाईंचं घर विचारल्यावर पानपट्टीवाल्यानं आधी डोळा मारला, मग वाट दाखवली. तिथंच तिचं डोकं फिरलं.

बयाबाई घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा निवडत बसल्या होत्या. साठीच्या, अंगानं काटक, आवाज खणखणीत.

"कोण पावणं?"

"कोल्हापूरहून आलेय. शिवानीची तपासणी आमच्याकडं झाली. स्नेहल कांबळे."

आडनाव ऐकल्यावर चहाचा विषय निघाला नाही. बसायला मात्र पोतं मिळालं.

"आता कशाला आलीया?" बयाबाई म्हणाल्या. "कळायचं त्ये कळलं की. म्या म्हणतच हुते, आमच्या घराण्यात असलं आजारपण कवा न्हवतं. खाण तशी माती! आईतच खोट असंल तर पोर काय सरळ निघंल?"

"तिची खाण कुठली, बयाबाई?"

"म्हंजे?"

"तिचं माहेर कुठलं? तुमच्या भावाचं ना? मग तुमचं माहेर कुठलं?"

बयाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. स्नेहल थांबली नाही. थांबायला ती आलीच नव्हती. "हा आजार असाच येतो. एकाच घरातली चूक दोन वाटांनी फिरते, एक लेकीकडून, एक लेकाकडून, आणि नातवंडात येऊन भेटते. तुमच्या भावाकडून वर्षाला आली असेल. तुमच्याकडून तुमच्या मुलाला आली असणार. शिवानीत दोन्ही भेटल्या. हेच व्हायला पाहिजे होतं. पण तुमच्या मुलाच्या कातडीत चूक निघालीच नाही. मला ते पटत नाही. म्हणून आलेय."

"न्हाई निघाली, कारण माझं प्वार चोख हाय! आन् पोर दुसऱ्याची हाय म्हणून!"

"बोलवा त्यांना."

बोलवायची गरज पडली नाही. अमरसिंह गोठ्यातून धारेची चरवी घेऊन सोप्यात आला. तिशीचा, गोरटेला, चेहऱ्यानं गरीब. अंगात अर्ध्या बाहीची बंडी होती. स्नेहलकडं बघून त्यानं नमस्कारासाठी चरवी खाली ठेवली आणि हात जोडले.

स्नेहल त्याच्या हाताकडं बघत राहिली. कातडीचा तुकडा घेतात तो डाव्या हाताचा, कोपराच्या खाली, आतल्या बाजूनं. मुगाएवढं भोक पडतं, एक टाका घालावा लागतो. टाका निघतो, पण खूण राहते. गोल, गुळगुळीत, वर्षभर तरी लालसर. वर्षाराणीच्या हातावर होती. शिवानीच्या एवढ्याशा हातावरही होती. हे सगळं होऊन अजून चार महिने झाले नव्हते.

अमरसिंहच्या डाव्या हातावर काहीच नव्हतं.

"खूण कुठाय?" ती म्हणाली.

"कसली?"

"कातडी काढलेली. टाक्याची. कुठाय खूण?"

त्यानं हात पाठीमागं नेला. मोठा माणूस, पाच वर्षांच्या पोरीचा बाप, आणि चोरी सापडलेल्या पोरासारखा हात पाठीमागं घेऊन उभा! बयाबाई उठल्या. शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. त्यांनी लेकाचा हात ओढून पुढं घेतला, उलटा केला, सुलटा केला, मग उजवा बघितला.

"अमर, तू कोल्लापूरला गेलतास न्हवं?"

"गेलतो की."

"मग खूण कुठाय?"

"गेलतो आई. दवाखान्याच्या दारापतोर गेलतो." त्याचा आवाज खाली खाली जात होता. "मला सुईचं लई भ्या वाटतंय, तुला ठावं हाय. राजवीर संगं हुता, मंगळवार पेठंच्या तालमीतला. त्यो म्हणाला, कातडीच पायजे न्हवं, माझी देतो. पैलवान गडी. मला वाटलं, चांगल्या अंगाची कातडी दिली तर कागद बी चांगला यील. जनावरांच्या प्रदर्शनात आपुन गोठ्यातलं एकच जनावर न्हेतो की. त्येच्यावरच गोठ्याचं नाव हुतं."

स्नेहलला हसू आलं असतं. दुसऱ्या कुठल्या घरात, दुसऱ्या कुठल्या दिवशी ती पोट धरून हसली असती. तीन-तीनदा तपासलेली, कपाटात उबेला ठेवून दिवसाआड पाजलेली, सरांनी निरोगी नमुना म्हणून वाखाणलेली ती कातडी मंगळवार पेठेतल्या एका पैलवानाची होती.

"म्हणजे डॉक्टरांचा फोन आला," ती सावकाश म्हणाली, "नमुना जुळत नाही म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. की नमुना तुमचा नाहीच."

अमरसिंहनं खाली ठेवलेली चरवी उचलली.

"बायकोची पिशवी बाहेर टाकली तेव्हा माहीत होतं?"

तो चरवीतल्या फेसाकडं बघत होता.

"बोला की! दोन शब्द पुरले असते. कातडी माझी नव्हती. एवढंच. सुईला घाबरता ते समजलं. आईला घाबरता तेही समजलं. पण ती बाई पोर घेऊन दाराबाहेर उभी होती तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"धार काढत हुतो," तो म्हणाला.

त्यानं ते खोटं म्हणून सांगितलं नाही, सबब म्हणूनही नाही. खरंच तो धार काढत होता. स्नेहलच्या अंगाचा तिळपापड झाला. लबाड माणसाशी भांडता येतं. हा लबाडसुद्धा धड नव्हता.

बयाबाईंनी लेकाच्या थोबाडीत मारली. मोठा आवाज झाला. स्नेहलला वाटलं, आता ही बाई रडेल, भाचीचं नाव घेईल, कोल्हापूरला चला म्हणेल. बयाबाई खाली बसल्या, सांडलेल्या शेंगा गोळा केल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, झालं त्ये झालं. पर ह्ये गावात बोलू नगंस. पैलवानाची कातडी दिली म्हणून लोकं हसतील. माझं प्वार तोंड दावू शकणार न्हाई."

"आणि वर्षाचं तोंड?"

"तिला आणू की म्हागारी. तिचं काय, घरचीच हाय."

"घरची आहे म्हणून काय वाटेल ते करायचं?" स्नेहलचा आवाज गल्लीत गेला आणि तिला तो तसाच जायला हवा होता. "तिला घालवताना गल्लीला ओरडून सांगितलंत. आता आणताना मुकाट्यानं? पानपट्टीवाला मला डोळा मारतो! तुमचं घर विचारलं म्हणून! हे घ्या, ओरडून सांगते, नमुना चुकीचा होता, मुलगी याचीच आहे, आणि हे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!"

शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"उद्या नऊ वाजता राजारामपुरीत," स्नेहल अमरसिंहला म्हणाली. "दाराशी नाही. आत. मी तिथं उभी असेन."

तो आला. पाव तास आधी आला. सुई टोचताना डोळे गच्च मिटून बसला होता, कपाळावर घाम होता. शिवानीनं आपला डावा हात दिला होता तेव्हा ती एवढी घाबरली नव्हती. स्नेहलनं त्याला धीर दिला नाही. डॉक्टरांनी टाका घातला, पट्टी लावली, आणि तिनं बाटलीवर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, त्याच्या तोंडाकडं बघत.

पेशी वाढायला महिना गेला. एका प्रतीत चूक होती, जिथं वर्षाराणीच्या होती अगदी तिथंच. निळ्या उजेडात त्याच्या पेशींत कुठं कुठं चरबीचे ठिपके दिसत होते, थोडे, पण होते. राजवीर पैलवानाच्या पेशी स्नेहलनं तुलनेतून काढून टाकल्या, कारण त्यानं त्या स्वतःच्या नावानं दिलेल्या नव्हत्या. सरांना निबंध दोन महिने पुढं ढकलावा लागला. ते तिच्याशी तेवढे दिवस बोलले नाहीत आणि तिचं काम त्यामुळं जरा भराभर झालं.

तिनं दुरुस्तीचा कागद साध्या मराठीत लिहिला. कुणालाही वाचता येईल असा. शिवानी ही अमरसिंह आणि वर्षाराणी यांचीच मुलगी आहे. आधीचा कागद चुकीचा होता. चूक प्रयोगशाळेची आणि अमरसिंह यांची. आजार दोघांकडून आला आहे, एकट्या आईकडून नाही. खाली सही करायला सर कां-कूं करत होते. ती टेबलासमोर उभी राहिली, सही होईपर्यंत. एक प्रत गडहिंग्लजला गेली, एक नेसरीच्या ग्रामपंचायतीत, एक बयाबाईंना. चौथी घेऊन ती मंगळवार पेठेत गेली.

आक्काताईंच्या खानावळीच्या मागच्या खोलीत वर्षाराणी भाकऱ्या थापत होती. हात पिठानं माखलेले, पण चेहरा पहिल्यापेक्षा भरलेला. शिवानी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना आणि समोर गोधड्या घातल्या होत्या, हसली तर पडायला. स्नेहलनं कागद वाचून दाखवला. मोठ्यानं. वर्षाराणीनं ऐकलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "परत वाचा." स्नेहलनं परत वाचला.

तेवढ्यात दारात अमरसिंह आला. हातात त्याच कागदाची घडी होती.

बापाला बघून शिवानी खुदकन हसली आणि आडवी झाली. तो पुढं धावला, पण वर्षाराणीचा हात आधीच पोरीच्या मानेखाली गेला होता. त्याला गोधडीशी उभं राहण्यापलीकडं काम उरलं नाही.

"वर्षा, चल घरला," तो म्हणाला. "आई बी म्हणती, आण तिला. समद्या गल्लीला कागद दाखवलाय आमी. चुकलं माझं."

वर्षाराणीनं पोरीला सरळ बसवलं. मग उठली, पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात दावा."

त्यानं बाही वर केली. डावा हात, कोपराच्या खाली, आतली बाजू. गोल, गुळगुळीत, अजून लालसर. वर्षाराणीनं आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. दोन्ही खुणा एकाच मापाच्या होत्या.

"आता हाय की," अमरसिंह घाईघाईनं म्हणाला. "बघ. हाय की आता."

"तवा न्हवती," वर्षाराणी म्हणाली.

तिनं शिवानीला कडेवर घेतलं, त्याला बाहेर जायला वाट दिली आणि तो गेल्यावर दार लावून घेतलं. तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिनं काढून टाकली आणि नवा गोळा हातात घेतला.